‘समान’ म्हणण्यापूर्वी : वैज्ञानिक विदेच्या ऑन्टॉलॉजी जोडण्याविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात या सदरात सिमँटिक वेबची, म्हणजे माहिती यंत्रालाही अर्थासह समजेल अशा रीतीने वेबवर मांडण्याच्या पद्धतीची, ओळख करून देताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली अशी, की या पद्धतीत प्रत्येक माहिती तीन भागांच्या छोट्या विधानात लिहिली जाते : कोणाविषयी, कोणता संबंध आणि काय. या विधानपद्धतीला आरडीएफ म्हणतात. दुसरी अशी, की त्या विधानांतील संज्ञांचे अर्थ आणि परस्परसंबंध यंत्रालाही वाचता येतील अशा रीतीने मांडले, की त्या मांडणीला ऑन्टॉलॉजी म्हणतात, आणि ती लिहिण्याची प्रमुख भाषा म्हणजे आउल. त्या लेखावर बडोद्याहून बरीच पत्रे आली. बहुतेकांची अडचण एकच आहे : तयार ऑन्टॉलॉजी एकाहून अधिक असतात, मग त्या एकमेकींशी जोडायच्या कशा? त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी विश्वामित्री नदीवर संशोधन करणारी विद्यार्थिनी आहे. माझ्याकडे तीन प्रकारची विदा (डेटा) आहे : रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या पाण्याच्या नमुन्यांचे तक्ते, प्राणिशास्त्राच्या गटाने केलेल्या मगरी व पाणपक्ष्यांच्या नोंदी, आणि पावसाळ्यातील पाणीपातळीचे आकडे. हे सर्व सिमँटिक वेबच्या साहाय्याने एकत्र करावे, असे माझ्या मार्गदर्शकांनी सुचवले आहे. पर्यावरणासाठी एन्व्हो, रसायनांसाठी चेबी, निरीक्षणांसाठी सोसा आणि जीवविविधतेसाठी डार्विन कोर अशा चार शब्दव्यवस्था उतरवून घेऊन मी प्रोटेजे या ऑन्टॉलॉजी पाहण्या-लिहिण्याच्या साधनामध्ये एकदम उघडल्या, तर संगणकच थांबला. या चारांची मिळून एक मोठी ऑन्टॉलॉजी तयार करावी का?
(एक संशोधक विद्यार्थिनी, फतेगंज)

उत्तर : करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि संगणकाची ताकद हे त्याचे मुख्य कारण नाही. या चार शब्दव्यवस्था चार वेगवेगळ्या गटांनी घडवल्या आहेत. त्यांच्या नव्या आवृत्त्या निघत राहतात, जुन्या संज्ञा बाद होतात, व्याख्या सुधारल्या जातात. आपण त्या चारही एका फाइलमध्ये कालवल्या, की त्या दिवसापासून चारही गटांचे काम आपल्या एकटीच्या अंगावर येते, आणि पुढे मूळ व्याख्या बदलली तरी आपल्या फाइलमध्ये जुनाच अर्थ राहून जातो.

जीवशास्त्रात हा प्रश्न आधीच येऊन गेला आहे. १९९८ मध्ये फळमाशी, यीस्ट आणि उंदीर या तीन जीवांची जनुकविदा सांभाळणारे गट एकत्र आले, तेव्हा त्यांनी आपापले संच एकमेकांत ओतले नाहीत. प्रत्येकाने आपला संच आपल्याकडेच ठेवला आणि जनुकांची कार्ये सांगण्यासाठी सर्वांनी मिळून एक सामायिक शब्दव्यवस्था घडवली. तीच पुढे जीन ऑन्टॉलॉजी म्हणून प्रसिद्ध झाली. त्याच परंपरेतील ओबीओ फाउंड्री या उपक्रमाने २००७ मध्ये आपली भूमिका मांडली, तिचा गाभा असा, की एका क्षेत्रासाठी एकच ऑन्टॉलॉजी असावी, आणि दुसऱ्या क्षेत्रातील संज्ञा लागलीच तर ती नव्याने न घडवता तिच्या मूळ ओळखक्रमांकासह उसनी घ्यावी.

आपल्यालाही तेवढेच करायचे आहे. चेबीतील हजारो रसायनांपैकी आपल्याला नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया, काही जड धातू अशी फार तर वीस-पंचवीस लागतील. त्या संज्ञा, त्यांचे मूळ पत्ते (म्हणजे वेबवरील ओळखक्रमांक) आणि त्यांच्या वरच्या पायऱ्या (म्हणजे त्यांना सामावणारे व्यापक वर्ग) एवढाच भाग वेगळा काढून घ्यावा. रोबोट नावाचे एक मोफत साधन हे काम आज्ञेसरशी करते. असा वेचा घेतल्यावर प्रोटेजे अडणार नाही. मूळ ऑन्टॉलॉजीची नवी आवृत्ती आली, की तीच आज्ञा पुन्हा चालवून वेचा ताजा करून घेता येतो. म्हणून वेचलेल्या फाइलमध्ये हाताने काहीही दुरुस्त करू नये.

येथपर्यंतचा भाग सोपा आहे. खरे काम त्यानंतर, आपल्या स्वतःच्या तक्त्यांतील स्तंभांच्या मथळ्यांपासून सुरू होते.

पाणीपातळीचेच पाहा. बडोद्यात पावसाळ्यात दोन आकडे घरोघरी कानावर येतात. विश्वामित्रीची धोक्याची पातळी काळा घोडा पुलापाशी २६ फूट मानली जाते. आजवा सरोवराची पातळी मात्र २११, २१२ अशा फुटांत सांगितली जाते. दोन्ही ठिकाणी मथळा ‘पाणीपातळी’ आणि एकक फूट, पण दोघांचा शून्य वेगळा आहे. बडोदेकराला हे सांगावे लागत नाही, कारण तो हे आकडे लहानपणापासून ऐकत आलेला असतो. संगणकाला मात्र ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. दोन्ही स्तंभ एकाच संज्ञेला जोडले, तर सरोवराचे पाणी नदीच्या धोक्याच्या खुणेहून जवळजवळ १८५ फूट उंच असल्याचा निष्कर्ष तो बिनतक्रार काढून देईल. म्हणून ‘कोणत्या आधाररेषेपासून मोजले’ हे त्या नोंदीचेच एक अंग समजून लिहिले पाहिजे.

रासायनिक तक्त्यांत याहून बारीक सापळे असतात. जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी म्हणजे बीओडी अनेक देशांत २० अंश सेल्सिअसला ५ दिवस ठेवून मोजतात, तर भारतीय मानकात २७ अंशांना ३ दिवसांची पद्धत आहे. दोन तक्त्यांवर नुसते ‘बीओडी’ लिहिलेले असेल, तर मथळ्यावरून हा फरक कधीच दिसणार नाही. नायट्रेटचे तर याहून कठीण. काही प्रयोगशाळा नायट्रेटचा आकडा संपूर्ण नायट्रेट आयन धरून देतात, तर काही त्यातील फक्त नायट्रोजन धरून देतात, आणि दोन्हींवर एकक तेच असते : मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेट आयनाचे वजन ६२ आणि नायट्रोजनचे १४, म्हणून दोन आकड्यांत सुमारे ४.४३ पटींचा फरक पडतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातील ४५ ही मर्यादा पहिल्या पद्धतीची आहे आणि अमेरिकेतील १० ही दुसऱ्या पद्धतीची. दोन्ही मर्यादा जवळजवळ एकच आहेत, हे गुणाकार केल्यावरच समजते. अशा दोन पद्धतींचे आकडे मी स्वतः एका कामात एकाच आलेखावर काढले होते आणि नदी अचानक चौपट बिघडल्याचे समजून आठवडाभर कारणे शोधत बसलो होतो. तेव्हापासून मथळ्यावर विश्वास ठेवणे मी सोडले.

यासाठी सोसा अत्यंत उपयुक्त आहे. वेब मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने आणि भूस्थानिक मानकांच्या ओजीसी या संस्थेने ऑक्टोबर २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यात आकड्याला एकटे ठेवलेले नाही. प्रत्येक निरीक्षण कशाविषयी आहे, त्याचा कोणता गुण मोजला, कोणत्या पद्धतीने मोजला, कोणत्या उपकरणाने, केव्हा, आणि फल काय आले, हे सर्व वेगवेगळ्या संबंधांनी लिहायचे असते. एककांसाठी क्यूयूडीटी ही नासातील कामातून निघालेली शब्दव्यवस्था तिच्याबरोबर चांगली चालते. तीन दिवसांची बीओडी आणि पाच दिवसांची बीओडी यांचा गुण एकच ठेवून पद्धत वेगळी लिहिता येते, आणि पुढे तुलना करणारा त्या दोन्ही एकत्र धरायच्या की वेगळ्या ठेवायच्या, ते जाणीवपूर्वक ठरवू शकतो. सोसात नमुन्यालाही स्वतंत्र स्थान आहे. पुलाखालून भरलेली बाटली ही नदीच्या त्या टप्प्याचा नमुना आहे असे लिहायचे असते, त्यामुळे बाटलीविषयीचे विधान आणि नदीविषयीचे विधान यांची सरमिसळ होत नाही.

आता आपल्या तीन विदांचा सांधा कोठे आहे ते दिसेल. पाण्याचा नमुना, मगरीची नोंद आणि पातळीचा आकडा या तिन्ही गोष्टी नदीच्या एखाद्या टप्प्याशी आणि एखाद्या वेळेशी बांधलेल्या आहेत. आधी नदीच्या टप्प्यांची एक छोटी, स्वतंत्र यादी करावी, प्रत्येक टप्प्याला कायमचा पत्ता द्यावा, आणि तिन्ही तक्त्यांतील ओळी त्या यादीशी जोडाव्यात. एवढे नीट झाले तर चार ऑन्टॉलॉजींच्या परस्पर जुळणीचा बराचसा भार हलका होतो.

याच पत्रलेखिकेने शेवटी विचारले आहे, की ज्या दिवशी मगरीची नोंद नाही त्या दिवशी मगर नव्हती असे धरावे का. अजिबात धरू नये. आउल ‘खुले जग’ मानते, म्हणजे एखादे विधान लिहिलेले नसेल तर ते खोटे आहे असे ती समजत नाही, केवळ माहीत नाही असे समजते. पाहणी करूनही मगर दिसली नाही, हे डार्विन कोरमध्ये स्पष्ट लिहिण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा. कोणत्या ओळीत पद्धत लिहिलेली नाही, कोणत्या ओळीत तारीख नाही, अशी तपासणी हवी असेल तर ती आउलकडून होणार नाही. त्यासाठी शॅकल ही २०१७ मध्ये मान्य झालेली वेगळी भाषा आहे.

प्रश्न : बडोद्याचे पर्यावरण आणि इतिहास यांविषयीच्या विदेचा एक छोटा संच मी आवड म्हणून तयार करत आहे. विकिडेटा व जिओनेम्स हे खुले विदासंच आणि माझी स्वतःची यादी यांतील एकाच नावाच्या गोष्टी मी ‘सेम-अ‍ॅज’ या संबंधाने जोडल्या, आणि समान अर्थाचे वर्ग ‘इक्विव्हॅलंट क्लास’ने जोडले. आता रीझनर, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम, चालवला की अर्धे वर्ग लाल दिसतात, आणि स्पार्कल या प्रश्नभाषेत प्रश्न विचारला तर बडोदे शहर १९४९ मध्ये संपुष्टात आले असे उत्तर येते. चूक कोठे असेल?
(एक संगणक अभियंता, मांजलपूर)

उत्तर : आपल्या दोन तक्रारींची कारणे दोन असली तरी त्यांचे मूळ एक आहे. समानतेचे विधान हे या सर्व पद्धतीतील सर्वांत महाग विधान आहे, आणि आपण ते सर्वांत आधी वापरले.

शहराचा प्रश्न आधी घेऊ. ‘बडोदे’ हे नाव संस्थानाला होते, शहराला आहे, जिल्ह्याला आहे आणि तालुक्यालाही आहे. संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले, तेव्हा संस्थानाला समाप्तीची तारीख असणे योग्यच आहे. पण ‘सेम-अ‍ॅज’चा अर्थ ‘साधारण हेच’ असा नसून ‘दोन नावे, वस्तू एकच’ असा आहे. एकदा तो संबंध लिहिला, की एकीविषयी खरे असलेले प्रत्येक विधान दुसरीविषयीही खरे ठरते. शिवाय हा संबंध साखळीने पुढे जातो. आपण शहर आणि जिल्हा जोडला, दुसऱ्या कोणी तरी जिल्हा आणि संस्थान जोडले, तर आपण स्वतः न लिहिताही शहर आणि संस्थान एक होतात. रीझनरने आपल्याला दिलेले उत्तर म्हणूनच चुकीचे नाही. आपण जे सांगितले त्याचा तो प्रामाणिक परिणाम आहे. हा केवळ नवख्यांचा दोष नाही. हॅरी हॅल्पिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्येच दाखवून दिले होते, की प्रसिद्ध विदासंचांतही हा संबंध ‘जवळपास सारखे’, ‘त्याच विषयाचे’, ‘त्याचे दुसऱ्या संदर्भातील रूप’ अशा अनेक सैल अर्थांनी वापरला गेला आहे.

लाल वर्गांचे कारण बहुधा असे असेल. आपण एका ऑन्टॉलॉजीतील ‘पूर’ आणि दुसऱ्यातील ‘पूर’ समान ठरवले असतील. एकीत पूर ही घडणारी घटना असेल, जिला आरंभ आणि शेवट असतो, तर दुसरीत त्याच नावाखाली पाण्याखाली गेलेले क्षेत्र असेल, जे नकाशावर दाखवता येते. अनेक वैज्ञानिक ऑन्टॉलॉजी बीएफओ नावाच्या पायाभूत ऑन्टॉलॉजीवर उभ्या आहेत, आणि २०२१ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थानही मिळाले. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवरच टिकून राहणाऱ्या वस्तू आणि घडणाऱ्या घटना हे दोन वर्ग एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे ठेवलेले आहेत. म्हणजे कोणतीही एक गोष्ट दोन्ही वर्गांत असू शकत नाही. आपल्या समानतेमुळे ‘पूर’ दोन्हीकडे गेला, म्हणून रीझनरने तो वर्ग रिकामाच राहणार असे ठरवून लाल केला, आणि त्याच्याखालचे सर्व उपवर्गही त्याबरोबर गेले. अशा वर्गात एखादा प्रत्यक्ष पूर नोंदवला तर सगळी ऑन्टॉलॉजीच विसंगत होते, आणि विसंगत ऑन्टॉलॉजीतून काहीही सिद्ध करता येते. प्रोटेजेत लाल वर्गाजवळ स्पष्टीकरण मागण्याची सोय आहे. तेथे नेमक्या कोणत्या विधानांनी विरोध झाला त्यांची यादी मिळते, तिच्यात आपणच लिहिलेली समानता सापडण्याचा संभव मोठा आहे. घटना आणि क्षेत्र यांना समान न म्हणता ‘या घटनेत हे क्षेत्र बुडाले’ असा साधा संबंध दिला, की दोन्ही ऑन्टॉलॉजी सुखाने शेजारी राहतात.

पुढील कामासाठी माझी शिफारस अशी, की प्रारंभी सर्व जुळण्या स्कॉस या शब्दसंग्रह मांडण्यासाठीच्या २००९ च्या मानकातील संबंधांनी लिहाव्यात. त्यात तंतोतंत जुळणारे, जवळचे, अधिक व्यापक, अधिक संकुचित आणि केवळ संबंधित असे पाच प्रकारचे संबंध आहेत. तंतोतंत जुळणी साखळीने पुढे जाते, जवळची जात नाही. मानक लिहिणाऱ्यांनी हा भेद विचारपूर्वक केला आहे, कारण जवळच्या जुळण्यांची माळ लांबत गेली तर दुसरे टोक पहिल्यापासून फार दूर जाऊन पडते. या जुळण्या दोन्ही मूळ ऑन्टॉलॉजींना हात न लावता तिसऱ्या फाइलमध्ये ठेवाव्यात. प्रत्येक जुळणीपुढे ती कोणी केली, केव्हा केली, नाव पाहून केली की व्याख्या वाचून केली, आणि किती खात्री आहे, हे लिहावे. एसएसएसओएम नावाचा आराखडा नेमका यासाठी आहे आणि तो साध्या तक्त्यातही भरता येतो. जुळण्या आपोआप सुचवणारी साधनेही आहेत, आणि २००४ पासून त्यांची तुलना करणारा एक वार्षिक उपक्रम चालतो. मात्र त्यांच्या सूचना सूचनाच समजाव्यात. व्याख्या शेजारी शेजारी ठेवून माणसाने वाचल्याखेरीज कोणतीही जुळणी पक्की करू नये.

प्रश्न : मी ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालो आहे. आपले लेख वाचताना असे वाटते, की हे सर्व आम्ही ग्रंथालयात वर्गीकरणाच्या रूपाने करतच होतो. यात नवीन काय आहे?
(एक निवृत्त ग्रंथपाल, दांडिया बाजार)

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला विशेष आनंद झाला, कारण दोन वर्गीकरणे जोडण्याचा एक जुना प्रयत्न आपल्या बडोद्यातच झालेला आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डेन या अमेरिकी ग्रंथपालांना येथे आणले, आणि बोर्डेन यांनी बडोद्याच्या ग्रंथालयांसाठी वर्गीकरण रचताना ड्युई यांची दशांश पद्धत आणि कटर यांची विस्तारशील पद्धत यांचा मेळ घातला. त्यांनीही एक पद्धत दुसरीत बुडवली नाही. प्रत्येकीतून जे उपयोगी पडेल ते घेतले.

फरक आहे तो असा. पुस्तक ही वस्तू एकाच फळीवर राहू शकते, म्हणून ग्रंथपालाला शेवटी एकच जागा निवडावी लागते. ‘विश्वामित्रीतील मगरी’ हे पुस्तक प्राणिशास्त्रात ठेवायचे की नदीच्या भूगोलात, हा निर्णय टळत नाही. आरडीएफमध्ये तो घ्यावाच लागत नाही, कारण एकच गोष्ट अनेक वर्गांत एकाच वेळी असू शकते. या दृष्टीने पाहिले तर सिमँटिक वेबचा खरा पूर्वज मला ड्युई यांच्यापेक्षा डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांची १९३३ ची द्विबिंदू पद्धत वाटते. विषयाची आधीच ठरलेली खोकी न करता त्याचे पैलू वेगळे करायचे आणि गरजेप्रमाणे जोडायचे, हा त्यांचा विचार होता. पुढे त्यांनी हे पैलू व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थळ आणि काळ अशा पाच मूलभूत गटांत बसवले. वर सोसाविषयी लिहिताना एका निरीक्षणाचे जे भाग सांगितले, ते आपण या पाच गटांशेजारी ठेवून पाहावेत, नाते लगेच ध्यानात येईल.

नवीन म्हणावे असे एकच आहे. आपल्या वर्गीकरणातला तर्क वर्गीकरण करणाऱ्याच्या डोक्यात असे आणि कोष्टकात फक्त त्याचा निकाल उतरे. आउलमध्ये तर्कही लिहून ठेवावा लागतो, म्हणून दोन वर्गीकरणे जोडताना विरोध कोठे आला हे यंत्र दाखवू शकते. संज्ञेची व्याख्या नेमकी करण्याचे कौशल्य मात्र आजही ग्रंथपालाचेच आहे, आणि विज्ञानाच्या प्रकल्पांना त्याची नितांत गरज आहे. जवळच्या महाविद्यालयात असे एखादे काम चालू असेल तर आपण अवश्य जाऊन भेटावे.

प्रश्न : आमच्या वाड्यातील विहिरीच्या पाण्याची पातळी आजोबा वर्षानुवर्षे वहीत लिहून ठेवत असत. काही नोंदी शके आणि तिथी घालून आहेत, आणि पेढीवरच्या मुनीमजींनी केलेल्या नोंदी संवत घालून आहेत. पातळी हातांत दिली आहे. भूजलाच्या अभ्यासकांना ही विदा उपयोगी पडेल असे म्हणतात. संवतातून ठरावीक आकडा वजा करून सर्व नोंदी इंग्रजी तारखांत बदलून द्याव्यात का?
(एक वाचक, रावपुरा)

उत्तर : वही जपून ठेवल्याबद्दल आपले मनःपूर्वक अभिनंदन. पण एवढ्या घाईने ती बदलू नये.

महाराष्ट्रातील शक चैत्रात बदलतो आणि गुजरातमधील विक्रम संवत कार्तिकात. त्यामुळे दोघांतील अंतर वर्षभर सारखे राहत नाही. १९४८ च्या श्रावणात शके १८७० आणि संवत २००४ होते, म्हणजे अंतर १३४. त्याच शकाच्या पौषात संवत २००५ लागलेले होते, म्हणजे अंतर १३५. एकच आकडा वजा केला तर निम्म्याहून अधिक नोंदी किंवा निम्म्याहून थोड्या कमी नोंदी वर्षभराने सरकतील. आपल्या सुदैवाने दोन्ही परंपरांत महिना अमावास्येला संपतो, म्हणून महिन्यांची नावे तरी जुळतात. ही वही उत्तरेकडची, पौर्णिमेला महिना संपवणारी असती, तर वद्य पक्षातील प्रत्येक नोंदीचा महिनाही बदलावा लागला असता. शिवाय तिथी मध्यरात्री सुरू होत नाही, ती दिवसाच्या कोणत्याही वेळी लागते. म्हणून तिथीचे रूपांतर एका क्षणात न करता एका कालावधीत करणे अधिक प्रामाणिक होय.

दोन शब्दव्यवस्था जोडणे म्हणजे काय, याचे याहून चांगले घरगुती उदाहरण मला सुचत नाही. ‘शके १८७० म्हणजेच संवत २००४’ हे विधान खोटे आहे, आणि ‘शके १८७० च्या चैत्र ते आश्विन या महिन्यांत संवत २००४ चालू होते’ हे खरे आहे. सीमा लिहिली की जुळणी टिकते. कालासाठीच्या आउल-टाइम या ऑन्टॉलॉजीत कोणती कालगणना वापरली हे नोंदवण्याची सोय आहे. मूळ शके किंवा संवत तसेच्या तसे ठेवावे, इंग्रजी कालावधी त्याशेजारी वेगळा लिहावा, आणि तो मूळ नोंदीवरून काढलेला आहे हे प्रोव्ह-ओ या माहितीचा उगम नोंदवण्यासाठीच्या २०१३ च्या मानकातील संबंधाने दाखवावे. हातांचेही तसेच करावे. वाड्यात मोजणीची काठी किंवा दोरी अजून असेल तर ती मोजून पाहावी आणि ते मापही नोंदींबरोबर द्यावे. नसेल तर मीटरमध्ये रूपांतर करण्याच्या भानगडीत पडू नये, कारण पातळी वाढली की घटली हे हातांतूनही कळते.

प्रश्न : संज्ञा मराठीत लिहिल्या तर चालतील का? आमच्या गटात काही जण नोंदी गुजरातीत करतात.
(एक निसर्गप्रेमी, कारेलीबाग)

उत्तर : अवश्य चालतील, आणि लिहाव्यातच. या पद्धतीत संज्ञेची ओळख तिच्या नावावर अवलंबून नसते. जीन ऑन्टॉलॉजीत ‘जैविक प्रक्रिया’ या संकल्पनेचा क्रमांक ०००८१५० आहे, आणि तिला कोणत्याही भाषेतील नाव जोडले तरी क्रमांक बदलत नाही. प्रत्येक नावाबरोबर भाषेची खूण द्यायची असते, मराठीसाठी आणि गुजरातीसाठी ती वेगवेगळी आहे. स्कॉसच्या नियमाप्रमाणे एका भाषेत मुख्य नाव एकच द्यावे, बाकीची पर्यायी म्हणून कितीही द्यावीत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा ॲग्रोव्हॉक हा शेतीविषयक शब्दसंग्रह अशाच रीतीने हिंदीसह अनेक भाषांत चालतो.

काळजी एवढीच घ्यावी, की सारखे दिसणारे शब्द सारखे समजू नयेत. मराठीत ‘वार्ता’ म्हणजे बातमी आणि गुजरातीत गोष्ट, हे बडोद्यात राहणाऱ्याला ठाऊकच असते. निसर्गनोंदींतही असे घडते. नदीकाठच्या पाहणीत कोणी गुजरातीत नुसते ‘बावळ’ लिहिले असेल, तर ती आपली देशी बाभूळ असेल किंवा बाहेरून आलेला, सर्वत्र माजलेला गांडो बावळ असेल. उलट जुन्या वहीत देशी बाभळीपुढे ‘अकेशिया निलोटिका’ आणि नव्या वहीत ‘व्हॅचेलिया निलोटिका’ सापडेल, तरी झाड तेच असेल. अकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियातील गटाकडे राहावे असा निर्णय २००५ च्या व्हिएन्ना येथील वनस्पतिशास्त्र परिषदेत झाला आणि २०११ मध्ये मेलबर्नला तो कायम राहिला, त्यामुळे हा बदल झाला. डार्विन कोरमध्ये लोकभाषेतील नाव आणि शास्त्रीय नाव यांसाठी स्वतंत्र जागा आहेत, आणि ओळख मूळ नोंदीत जशी लिहिली होती तशी ठेवण्यासाठीही एक जागा आहे. ‘बावळ’ तेथे जसाच्या तसा ठेवावा, शास्त्रीय नावाची जागा तूर्त रिकामी सोडावी, आणि शक्य असल्यास त्याच झाडाची शेंग पाहून यावी. मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बीजाजवळ आवळलेली असेल तर ती देशी बाभूळ होय.